पत्रातली खरी ओळ

"शिट्टी? कसली शिट्टी?" वर्नाने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि पेन्सिल उचलली.

"अगं, दातांतून वाजवायचा," पलीकडून शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई सांगत होती. "बस आमच्या वळणावर आली की शिट्टी. एका वर्षी हॉर्न बिघडला होता, तेव्हापासून लागलेली सवय."

"आणि हॉर्न दुरुस्त झाल्यावर?"

"तरी शिट्टीच! पोरं आतून ओरडायची, रॉन्झल आला, रॉन्झल आला. पण तू कोण म्हणालीस?"

"सिनेटर प्रुइटसाहेबांच्या कचेरीतून बोलतेय."

"अगं बाई! त्यांना कशाला हवी रॉन्झलची शिट्टी?"

"त्यांना हवी असते," वर्ना म्हणाली, आणि फोन ठेवून लगेच दुसरा नंबर फिरवला. रॉन्झल हॅमरिकने सदतीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि ज्या गॅरेजात ती बस दुरुस्त व्हायची तिथल्या म्हाताऱ्यालाही ती शिट्टी ठाऊक होती. मग झालं. दोघांनी सांगितल्याशिवाय ओळ कागदावर घ्यायची नाही, हा वर्नाचा नियम. सव्वीस वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता.

वर्ना कटलिपचं काम सांगायला सोपं होतं. रोज सकाळी राज्यातली सतरा वर्तमानपत्रं तिच्या टेबलावर यायची. त्यांतल्या निधनवार्ता कात्रीने कापायच्या, आणि घरच्यांना सिनेटरच्या नावाने सांत्वनाचं पत्र लिहायचं. चार ओळींचा मजकूर ठरलेला. पाचवी ओळ मात्र वर्नाची. त्या ओळीत मेलेल्या माणसाची अशी एक गोष्ट असायची, जी त्याला जवळून ओळखणाऱ्यांखेरीज कुणाला ठाऊक नसावी. अमकी दर ऑक्टोबरात चर्चची भट्टी स्वतः साफ करायची. तमक्याने बायकोच्या कुत्र्याला सतरा वर्षं नावं ठेवली आणि ते मेलं तेव्हा दोन दिवस जेवला नाही. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिच्या मनात आलं, तिने लिहिलं, आणि कुणी नको म्हणालं नाही.

पत्र झालं की ते कोपऱ्यातल्या यंत्राखाली सरकवायचं. यंत्राच्या हातात खरंखुरं शाईचं पेन असे. खट्याक करून ते लेलँड प्रुइट अशी सही करायचं, इतकी झोकदार की खुद्द लेलँड प्रुइटला तशी जमत नसे.

लोक ती पत्रं चौकटीत लावून भिंतीवर टांगायचे. डोंगरातल्या कुठल्याही घरात गेलात तर येशूच्या तसबिरीखाली ते पत्र दिसणार. "सिनेटर आमच्या बाबांना ओळखायचा," असं माणसं छातीवर हात ठेवून सांगायची. सिनेटरने त्या बाबांना कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर वॉशिंग्टनला गेल्यापासून त्याने हे डोंगरही फारसे पाहिले नव्हते.

घरी डेन्झिल या सगळ्याला हसायचा. हसताना त्याला धाप लागे, तरी हसायचा. एकोणतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढल्यावर त्याची फुप्फुसं कामातून गेली होती. नाकात प्राणवायूची नळी आणि पायाशी ते गुरगुरणारं मशीन, असा तो स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून असायचा. वर्नाच्या सरकारी नोकरीच्या विम्यावर ते मशीन चालायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही बोलत नसत.

"आज किती मेले तुझ्या सिनेटरचे?" तो विचारायचा.

"नऊ."

"मत द्यायला नऊ कमी झाले की गं! बिचारा."

"तू गप खा."

तो खायचा. सकाळी बकव्हीटची, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी हा त्या घराचा शिरस्ता होता. बिडाच्या तव्यावरचं पहिलं धिरडं नेहमी करपायचं, आणि ते डेन्झिल मागून घ्यायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी वर्ना ते फेकायला निघाली, तर त्याने तिच्या हातातून ताटली काढून घेतली. "फेकतेस काय? मला करपलेलंच आवडतं." एकतीस वर्षं झाली त्याला. पुढे पुढे वर्नाचा हात इतका बसला की पहिलं धिरडंही छान निघायला लागलं, तेव्हा ती मुद्दाम एक तव्यावर जास्त वेळ ठेवायची. त्याच्यासाठी. इस्पितळातून तो पहिल्यांदा घरी आला त्या दिवशी तर तिने दोन करपवली होती.

डेन्झिलचा सिनेटरवरचा राग मात्र थट्टेतला नव्हता. गावात फुप्फुसांचा दवाखाना होता, तो चार वर्षांमागे बंद पडला. पैसा तोडायच्या ठरावावर हात वर करणाऱ्यांत प्रुइट होता. तेव्हापासून डेन्झिलला तपासणीसाठी दोन तास घाटातून राज्याच्या राजधानीला, चार्ल्सटनला जावं लागे, आणि येताना तो गाडीत डोळे मिटून पडलेला असे.

"ऐक," या उन्हाळ्यात तो एकदा म्हणाला. तेव्हा तो हसत नव्हता. "मी गेल्यावर त्या माणसाच्या नावाने मला पत्र नको."

"काहीतरीच काय बोलतोस!"

"नाही, ऐक. तू रड, आई रडेल, कुत्रं रडेल. प्रुइट नको. कबूल?"

"कबूल," वर्ना म्हणाली.

त्या वर्षी प्रुइट सहाव्यांदा उभा होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. समोर एक शाळामास्तरीण होती. ती गावोगाव एकच प्रश्न विचारत फिरायची, "या माणसाला तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?" लोक डोकं खाजवायचे. त्यावर प्रुइटच्या प्रचारवाल्यांनी जे उत्तर काढलं, ते वर्नाने आपल्याच टीव्हीवर पाहिलं. माणसं आपापल्या दारात चौकट हातात धरून उभी होती, आणि मागून भरदार आवाज म्हणत होता, "तो आपल्याला ओळखतो."

"अरे वा," डेन्झिल म्हणाला. "तुझी पाचवी ओळ निवडणुकीला उभी राहिली."

वर्नाला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटला.

सप्टेंबरअखेर बकव्हीटच्या जत्रेत प्रुइट आला. पांढरा ॲप्रन बांधून मोठ्या तव्यावर धिरडी उलटताना त्याचे फोटो निघाले. रांगेत वर्नाही होती. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेऊन ती कुठल्या गावची हे अगत्याने विचारलं. तिच्यामागे रॉन्झलची बायको इमोजीन उभी होती. तिने पिशवीतून चौकट काढली.

"साहेब, त्यांची शिट्टी तुम्हाला कशी हो ठाऊक?"

प्रुइट क्षणभरही अडखळला नाही. "अहो, त्याच्या बसमध्ये बसलोय मी! अजून ऐकू येते मला."

इमोजीन तिथेच रडायला लागली. कॅमेरे होतेच.

आता रॉन्झल बस चालवायला लागला तेव्हा प्रुइट कॉलेज संपवून वकिली करत होता, हे कुणीही बोटं मोजून सांगू शकलं असतं. चार्ल्सटनच्या एका बातमीदार बाईने ती मोजली. सोमवारी तिचा फोन थेट वर्नाच्या टेबलावर आला. ही पत्रं लिहितं कोण, एवढंच तिला हवं होतं. वर्नाने उद्या सांगते म्हणून फोन ठेवला.

दुपारी ग्रेसनचा निरोप आला. ग्रेसन प्रचाराचा प्रमुख, वय तिशीच्या आत. सरकारी कचेरीत प्रचाराचा शब्दही काढायचा नाही असा कायदा, म्हणून तो कधी कचेरीची पायरी चढत नसे. प्रचाराचं काही बोलायचं झालं की कचेरीतली माणसं जेवणाच्या सुट्टीत रस्ता ओलांडून समोरच्या पेट्रोल पंपावर जायची. तिथे हवा भरायच्या नळीशी उभं राहिलं की कायदा पाळला जायचा. वर्नाही गेली.

"वर्नाबाई, तुमच्यावर दबाव अजिबात नाही," ग्रेसन म्हणाला. "तुम्हाला खरं वाटेल तेच सांगा."

"खरं तर मीच लिहिते."

"ते झालंच. पण विचार कोण देतं? भावना कुणाच्या? साहेबांच्याच ना?"

वर्नाने रस्त्यापलीकडच्या कचेरीकडे पाहिलं.

"त्या हॅमरिकबाईंचा विचार करा. उद्या पेपरात आलं की पत्र कुणा कारकुनाने लिहिलंय, तर त्यांनी ती चौकट काय करायची? आणि एक नाही, अशा हजारो बायका आहेत. आणि साहेब पडले तर..." तो थांबला, आणि मऊ आवाजात म्हणाला, "तुमच्या मिस्टरांची तब्येत कशी आहे? विमा आहे ना?"

हरामखोर, वर्ना मनात म्हणाली. पण तो विम्याचं बोलला नसता तरी तिने तेच केलं असतं. इमोजीन हॅमरिक ती चौकट रात्री उशाशी घेते, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिने बातमीदार बाईला सांगितलं, "साहेब स्वतः सांगतात. एकेका माणसाबद्दल. मी फक्त टाइप करते." पेपरात ते तिच्या नावानिशी छापून आलं. सव्वीस वर्षांत तिचं नाव पेपरात पहिल्यांदा आलं, ते या वाक्याखाली.

डेन्झिलने बातमी वाचली. पेपर घडी घालून बाजूला ठेवला. त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही, आणि वर्नाला ती थट्टा फार हवी होती.

ऑक्टोबरच्या बारा तारखेला डेन्झिल गेला. सकाळी, खिडकीशी, तवा तापत असताना. वर्नाने मागे वळून पाहिलं तेव्हा मशीन गुरगुरत होतं आणि तो नव्हता.

अंत्यविधीला गाव लोटलं. लोकांनी डबे आणले, चर्चच्या बायकांनी भांडी घासली. सिनेटर प्रचारात होता, त्याचा फोन आला नाही. ग्रेसनने फुलं पाठवली आणि चार दिवसांनी निरोप, सवडीने या, घाई नाही, मात्र मतदानापर्यंत पत्रं थांबू नयेत, हवं तर घरून लिहा. वर्ना कचेरीतच गेली. घरात तिला बसवत नव्हतं.

टेबलावर सतरा वर्तमानपत्रांची चळत होती. तिने कात्री घेतली. तिसऱ्याच पेपरात डेन्झिल होता, खाणीतली टोपी घातलेला जुना फोटो. तिने तो इतरांसारखाच चारही बाजूंनी सरळ कापला आणि गठ्ठ्यात ठेवला. दिवसभर वरचे कागद संपत गेले. तो आला तेव्हा तिने तो उचलून पुन्हा तळाशी घातला.

खरा प्रश्न डेन्झिलच्या आईचा होता. ओपल चौऱ्याऐंशीची, दोन घरं सोडून एकटी राहायची. प्रुइटला तिने जन्मात मत दिलं नव्हतं. दवाखाना बंद झाला तेव्हा तर टीव्हीवर त्याच्या तोंडाला चप्पल मारली होती. पण मुलगा गेल्यापासून ती रोज पत्रपेटीशी जाऊन उभी राहायची.

"आलं का गं पत्र?" ती वर्नाला विचारायची.

"कसलं पत्र, आई?"

"कसलं म्हणजे? सिनेटरचं. इमोजीनला आठ दिवसांत आलं होतं."

"ते निवडणुकीच्या गडबडीत असतील."

"गडबडीत? तूच तर पेपरात सांगितलंस, एकेका माणसाचं तो स्वतः सांगतो म्हणून. रॉन्झल हॅमरिकचं सुचतं त्याला, आणि ज्याची बायको त्याच्या दारात सव्वीस वर्षं राबली, त्याचं सुचत नाही?" म्हातारीने चष्मा काढला. "माझ्या पोराबद्दल सांगण्यासारखं काहीच नव्हतं का गं?"

खरं सांगितलं तर इमोजीनची चौकट फुटत होती. गप्प बसलं तर डेन्झिल हा मोजण्याच्या लायकीचाच नव्हता, असं त्याच्या आईला मरेपर्यंत वाटत राहणार होतं. आणि डेन्झिलला तर ती कबूल म्हणाली होती.

"चर्चमध्ये सगळ्या विचारतात मला," ओपल म्हणाली. "आलं तर मी त्याला मतही देईन, बघ. देवाशप्पथ."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे रस्ता ओलांडून गेले तेव्हा वर्नाने गठ्ठ्याच्या तळातून डेन्झिलला काढलं. चार ओळी बोटांनी आपसूक टाइप केल्या. 'प्रिय श्रीमती ओपल कटलिप, आपल्या सुपुत्राच्या निधनाची वार्ता ऐकून' वगैरे. मग पाचवी. यासाठी तिला कुणाला फोन करायची गरज नव्हती. एकतीस वर्षं जे रोज डोळ्यांसमोर घडलं त्याला दुसरा साक्षीदार कशाला हवा? तिने लिहिलं, 'तव्यावरचं करपलेलं पहिलं धिरडं त्याला सगळ्यांत जास्त आवडायचं, हे मी कधी विसरणार नाही.'

यंत्र खट्याक वाजलं. 'माफ कर,' ती म्हणाली, यंत्राला नव्हे.

तीन दिवसांनी, मतदानाच्या आदल्या शुक्रवारी, ओपलने निरोप धाडून तिला बोलावलं. टेबलावर नवी चौकट आणून ठेवली होती, काच पुसलेली. पत्र अजून उघडलेलं नव्हतं.

"तुझ्यासमोरच वाचायचं म्हणून थांबले," म्हातारी म्हणाली. अंगात चर्चला जायचा निळा झगा होता. तिने सुरीने पाकीट उघडलं, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला लागली. सुपुत्र शब्दाशी थांबून तिने नाक शिंकरलं. मग पाचवी ओळ वाचली. एकदा वाचली. पुन्हा मनातल्या मनात वाचली, आणि कागद टेबलावर ठेवला.

"हे काय लिहिलंय मेल्याने?"

"का? काय झालं?"

"करपलेलं? माझ्या डेन्झिलला?" ओपल उठूनच उभी राहिली. "अगं, जन्मात कधी शिवला नाही तो करपलेल्याला! दोन वर्षांचा होता तेव्हापासून. जरासा काळा डाग दिसला की ताटली ढकलून द्यायचा. बापाने एकदा दोन दिवस उपाशी ठेवला त्याला त्या पायी, तरी खाल्लं नाही. खाणीवर गेला तेव्हा मी डब्यातल्या पावाच्या कडा कापून द्यायची. वास जरी आला तरी पोटात ढवळायचं त्याच्या!"

वर्ना खुर्चीचा हात धरून बसली होती.

"तुला ठाऊकच असेल की. तू तर रोज करून घालायचीस."

"हो," वर्ना म्हणाली.

"मग? कुणाचं तरी भलत्याचंच लिहून पाठवलं. म्हणे ओळखतो आपल्याला! डोंबल ओळखतो. माझ्या पोराने काय खाल्लं, काय टाकलं, याला कशाने कळणार? खोटारडा." तिने पत्राची घडी घातली, घडीची घडी घातली, आणि ती चुलीजवळच्या कागदांच्या टोपलीत टाकली. रिकामी चौकट पालथी घातली. मग एकदम तिचा राग ओसरला आणि ती वर्नाकडे बघून म्हणाली, "तू कशाला रडतेस, पोरी? तुझी काय चूक त्यात? तू तर नुसतं टाइप करतेस."

वर्नाने मान हलवली. तिला फार बोलावंसं वाटलं. ही एकच बाई जगात होती जिला ते सांगता आलं असतं, आणि हिलाच सांगता येत नव्हतं.

मंगळवारी मतदान झालं. ओपल गेली आणि शाळामास्तरणीला मत देऊन आली. प्रुइट नऊ हजारांनी निवडून आला. व्यासपीठावर त्याने इमोजीनला शेजारी उभं केलं होतं. तो म्हणाला, या राज्यातलं एकेक घर मला नावानिशी ठाऊक आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्रेसनने दुसऱ्या दिवशी कचेरीत मिठाईचा डबा पाठवला. आता पायरी चढायला हरकत नव्हती, तरी तो आला नाही.

बुधवारी सकाळी वर्ना कामावर जायच्या आधी स्वयंपाकघरात उभी राहिली. महिन्याभरात तिने तवा काढला नव्हता. तिने पीठ भिजवलं, तवा तापवला, पहिलं धिरडं घातलं. सवयीने ते जास्त वेळ ठेवलं. कडा काळ्या झाल्या, धूर निघाला, तेव्हा तिने ते ताटलीत काढलं आणि खिडकीशी, त्याच्या खुर्चीवर जाऊन बसली.

पहिला घास घशाखाली उतरेना. काळा, कडू, राखेसारखा. एकतीस वर्षं हा माणूस हे तिच्यासमोर बसून मिटक्या मारत खात होता. दोन करपवलेल्या दिवशी दोन्ही खाल्ली होती, आणि अजून आहे का, असं विचारलं होतं.

तिने लोणी लावलं नाही. पाणीही घेतलं नाही. एकेक तुकडा तोडून तिने ते सगळं संपवलं, ताटली धुतली, आणि सतरा वर्तमानपत्रं वाट बघत होती तिकडे निघाली.